साडेसात म्हणजे आठव्याचा अर्धा

विशाखाबद्दल चांगलं बोलायचं ठरवलं की माझा आवाज आपोआप बारीक होतो. ऑफिसात नवीन आलेली पोरं विचारतात, "मॅडम, पोथीच्या अ‍ॅपमधला हा भाग कुणी लिहिलाय? लई भारी लिहिलाय." मी म्हणते, "होती एक." मग विचारतात, "त्या आता कुठं असतात?" मी म्हणते, "हैदराबादला. चला, कामं करा." इतकं तुटक बोलायचं काही कारण नाही, हे मलाही कळतं. पण जळफळाट काय कळल्यामुळं थांबतो होय?

आमचं ऑफिस बारामतीत, एका टायरच्या दुकानावर. खाली टायर ठोकतात, वर आम्ही सॉफ्टवेअर करतो. दुधाच्या डेअऱ्यांची, पतसंस्थांची, उसाच्या नोंदीची कामं वर्षानुवर्षं मीच ओढत आले होते. मग एका संस्थानाचं काम आलं. त्यांना त्यांची पोथी मोबाईलवर आणायची होती. नुसती वाचायला नाही. माणसानं फोनला सांगायचं किंवा टाइप करायचं, "अध्याय बारा, ओवी पाच", की ती ओवी समोर उघडली पाहिजे आणि ऐकूही आली पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं. पण माणसं एकाच ओवीचा पत्ता किती तऱ्हांनी सांगतात! कुणी १२.५ लिहितो, कुणी १२/५, कुणी १२-५, कुणी "अ. १२ ओ. ५". कुणी आकडे मराठी घालतो, कुणी इंग्रजी, आणि काही महाभाग एक मराठी, एक इंग्रजी. ह्या सगळ्या गिचमिडीतून अध्याय कुठला आणि ओवी कुठली हे मशीनला वेगळं काढून द्यायचं. ते काम माझ्याकडे होतं, आणि मी ते हट्टानं मागून घेतलं होतं. कारण ती पोथी नरसिंहपूरला वाचतात, नरसिंहपूर माझं गाव, आणि तिथं ती वाचतात माझे वडील, तात्या.

तात्यांनी मला जन्मात कधी शाबास म्हटलेलं नाही. दहावीला नंबर आला तेव्हा "बरं झालं" म्हणाले. इंजिनियर झाले तेव्हा "आता गाडी हळू चालव" म्हणाले. नोकरी लागल्यावर "डबा न्हेत जा" म्हणाले. त्यांचाही दोष नाही. डेअरीच्या फॅटचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर बघून माणूस काय बोलणार? पण पोथी त्यांना कळत होती. त्यांना तिच्यातलं कळत नाही असं काही नव्हतं. म्हटलं, ह्या वेळी तरी तात्या चार माणसांत म्हणतील की माझ्या पोरीनं काम केलं. मला दुसरं काही नको होतं. पगारवाढसुद्धा नको होती. म्हणजे हवी होती, पण नंतर.

आणि नेमकी तेव्हाच ही बया आली.

बुटकी, चष्मा जाड, केस पेन्सिल खुपसून वर बांधलेले. ऑफिसात आली की आधी चपला काढून टेबलाखाली ढकलायची आणि दिवसभर अनवाणी फिरायची. सर बाहेरच्या माणसाला घेऊन आले तरी अनवाणीच. स्वतःचा डबा तिनं कधी वेळेवर उघडला नाही, पण दुसऱ्याचा उघडला की हिचा हात त्यात. "अर्चना, ही भाजी कुणी केली? गावाहून आईनं पाठवली ना? तू केली असतीस तर कळलं असतं," असं तोंडावर म्हणायची, आणि वर हसायची. हसायची म्हणजे मान मागं टाकून, खालच्या टायरवाल्याला ऐकू जाईल असं.

पहिल्याच आठवड्यात मी सरांना माझं काम दाखवत होते. सरांनी फोनवर १२/५ टाइप केलं. स्क्रीनवर ओवी यायच्या ऐवजी आलं, "१२ मे". तिरकी रेघ दिसली की मशीन तिला तारीख समजत होतं, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सर पुन्हा टाइप करायला लागले. बोलली ती ही.

"अगं बाई! पोथी उघडायला गेले आणि तारीख पडली! कोर्ट आहे का हे?"

सगळं ऑफिस हसलं. सर हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "होतं असं. करते दुरुस्त." तर ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलीसुद्धा. "सरक जरा. आपण निवडून घेऊ."

निवडणं हा तिचा शब्द. आम्ही सगळे त्या कामाला पार्सिंग म्हणायचो, ही निवडणं म्हणायची. तांदूळ निवडतात तसं. ताटात पसरायचं, खडे बाजूला, तूस बाजूला, मग राहील ते धुवायला घ्यायचं. प्रोग्रॅमच्या त्या भागाला तिनं "निवडणी" असंच नाव दिलं, आणि आजही ते तसंच आहे. आत "खडे" नावाचं एक खातं आहे, जे कळलं नाही ते त्यात पडतं. मी तेव्हा म्हटलं होतं, असली नावं बरी दिसत नाहीत. आता ऑफिसातला प्रत्येक जण "निवडणी" म्हणतो. मीपण म्हणते.

तिची दुसरी खोड म्हणजे विचारणं. मी एखादा नियम लिहिला की ही लगेच, "असं कोण म्हणतं?" मी म्हणायचे, "म्हणजे काय? लोक म्हणतात." "कुठले लोक? नाव सांग." आता नाव काय सांगायचं, डोंबल? मी मनानं ठरवलेलं असायचं. मग ही शांतपणे फोन उचलायची आणि कुणाला तरी लावायची. पोथीवाल्यांचे नंबर तिच्याकडे कुठून आले, देव जाणे. मला विचाराल तर कुणाशीही बोलायची तिला लाज नव्हती, एवढंच.

एकदा मला तिनं बारामतीच्या शेजारी जळोचीला घरी जेवायला नेलं. बौद्ध कुटुंब, नवीन बांधलेलं घर, दारात जास्वंद. तिचे पप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी पाली गाथा म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात सारखं यायचं, अमुक वर्गातली सातवी, तमुक वर्गातली तिसरी. वर्ग म्हणजे त्यांच्याकडचा अध्याय. कॉलेजात असताना विशाखानं त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम केला होता. वर्गाचं नाव अर्धंमुर्धं सांगितलं तरी तो बरोबर गाथा काढून द्यायचा. म्हणजे हे सगळं काम हिनं घरात बसून, हौसेखातर, आधीच करून ठेवलं होतं. मला मेलीला त्याचा पत्ता नव्हता.

पप्पा मला म्हणाले, "बघा, हे माझ्या लेकीनं केलंय." भाकरी वाढताना पुन्हा म्हणाले. गॅसवाला आला, त्याला म्हणाले. मी निघाले तेव्हा फाटकापाशी येऊन पुन्हा म्हणाले, "आमची विशाखा लहानपणापासूनच अशी." आणि ही काय करत होती? जांभई देत होती. ज्या गोष्टीसाठी मी पस्तिशी गाठली, ती हिच्या घरात पोत्यानं पडली होती, आणि हिला त्याचं काही नव्हतं. मी गाडी चालवत घरी गेले ती दात खातच.

तरी तिथवर सगळं ठीक होतं. पुढं ती नरसिंहपूरला आली.

अ‍ॅपची चाचणी तात्यांवर घ्यायची असं मीच ठरवलं होतं. मी एकटीच जाणार होते, पण सर म्हणाले, दोघी जा. आईनं चहा केला. तात्या ओसरीवर पाट घेऊन बसले. विशाखानं चपला काढल्या, तिला ते काही नवीन नव्हतं. बसायच्या आधी मात्र ती सरळ म्हणाली, "तात्या, आधीच सांगते. आमच्याकडं पोथी नसते, आमी बौद्ध हाय. मला नमस्कार-बिमस्कार जमायचा न्हाय."

ऑफिसात पुस्तकी बोलणारी ही बाई, तात्यांसमोर बसल्याबरोबर तिची भाषा वितळली. तात्या म्हणाले, "नगं करू. कामाला आलीयास न्हवं? बस."

मी तात्यांच्या हातात फोन दिला. म्हटलं, "तात्या, काल पोथी जिथं थांबवलीत ते सांगा. फोन बरोबर तिथं उघडंल." तात्यांनी फोन तोंडाजवळ धरला, आणि कीर्तनात बोलावं तशा मोठ्यानं म्हणाले, "साडेसात!"

फोननं सातवा अध्याय, पाचवी ओवी उघडली.

मला वाटलं, जमलं. साडेसात म्हणजे सात पूर्णांक पाच, हे मशीनला मी स्वतः शिकवलं होतं, आणि मधल्या टिंबाच्या अलीकडं अध्याय, पलीकडं ओवी. मी खुशीत तात्यांकडं बघितलं. तात्यांनी फोन पाटावर ठेवला आणि बोटानं लांब सारला.

"ह्याला वाचाय येतं, पर ऐकाय येत न्हाय."

मी म्हटलं, "तात्या, असं न्हाय म्हणायचं. अध्याय सात, ओवी अमुक, असं नीट सांगायचं त्याला."

"मी नीटच सांगतो हाय. इतकी वर्सं सांगतोय."

मी पुढं काहीतरी समजवायला लागले, तर विशाखानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गप्प बस म्हणून. माझ्याच घरात, माझ्याच ओसरीवर! आणि तात्यांना म्हणाली, "तात्या, साडेसात म्हंजी काय ओ?"

"म्हंजी सात झालं, आन आठव्याचा अर्धा झाला. तितं थांबायचं. परसाद वाटायचा. मग फुडं."

"मग दीड म्हटलं तर?"

"एक झाला, दुसऱ्याचा अर्धा."

"अडीच?"

"दोन झालं, तिसऱ्याचा अर्धा. आगं, येवढंबी कळत न्हाय व्हय?" तात्या हसले. मी तात्यांना पोथीवरून हसताना पहिल्यांदा बघत होते.

आता मला सांगा, दीड, अडीच, साडेतीन हे काय मला माहीत नव्हतं? तात्या संध्याकाळी घरी आले की "आज साडेचारवर थांबलो" म्हणायचे, हे ऐकतच मी वाढले. आणि कॉम्प्युटरसमोर बसल्याबरोबर माझ्या डोक्यात त्याचं टिंब झालं. तात्या आठव्या अध्यायातली जागा सांगत होते आणि मी फोनला सातव्यात पाठवत होते. आठव्यातलं सातव्यात! माझ्या बापाची बोली माझ्यापेक्षा जळोचीच्या पोरीला आधी कळली, हे मला अजून सहन होत नाही.

आणि ते तिथं संपलंही नाही. विशाखा म्हणाली, "म्हंजी आठव्यात शंभर ओव्या असतील तर पन्नासावी?" तात्यांनी मान हलवली. "तसं न्हाय. अर्धा म्हंजी मोजून अर्धा न्हाय. जितं गोष्ट वळती, तितं अर्धा." प्रत्येक अध्यायाचा अर्धा वेगळा, पाऊण वेगळा, आणि तो सगळा तात्यांच्या डोक्यात. तो त्यांच्याकडून काढून घ्यायला कुणीतरी त्यांच्यापुढं बसायला पाहिजे होतं.

बसली ती. दर रविवारी. बारामतीहून स्कूटरवर यायची, हेल्मेट कोपरात अडकवून, नेहमी उशिरा. तात्या तिची वाट बघत दारात उभे. मी घरात असले तरी दारात उभे. ती आली की "आली का? उनात आलीस व्हय?" मी आयुष्यभर उन्हात आले, मला कुणी विचारलं नाही. परसातले पहिले पेरू तिला. बाजरीची भाकरी गरम तिला. आई एकदा मला म्हणाली, "अर्चे, तिला तिखट चालतं का गं?" मी म्हटलं, "तिला सगळं चालतं."

तात्या एक अध्याय म्हणायचे, मध्येच थांबून म्हणायचे, "हितं." ती फोनमध्ये त्यांचा आवाज भरून घ्यायची आणि तिथं खूण करायची. कधी उगाच भांडायची, "तात्या, मागच्या खेपेला दोन ओव्या आधी म्हणला हुता." तात्या डोळे मिटून पुन्हा म्हणायचे आणि म्हणायचे, "व्हय की. तुजं बराबर हाय." तुझं बरोबर आहे! हे वाक्य त्या तोंडातून मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. शेजारचे एक आबा डोकावून म्हणाले, "पोरगी कुणाची ही?" तात्या म्हणाले, "पोथी कळती तिला." विचारलं काय, सांगितलं काय. आबा बिचारे निघून गेले.

मी काय आळशी बसले नव्हते. खुणा मशीनमध्ये बसवणं, आवाज जोडणं, जुन्या फोनवर चालवून बघणं, ती सगळी हमाली माझी. पण हमाली ओसरीवरून दिसत नाही.

अ‍ॅप सुरू करायचा कार्यक्रम नरसिंहपूरला सभामंडपात झाला. सरांचं भाषण झालं. मग एका म्हाताऱ्या बाईला पुढं बोलावलं. तिनं फोन उलटा धरला, कुणीतरी सुलटा करून दिला, आणि ती लाजत म्हणाली, "पावणेतीन." फोननं तिसऱ्या अध्यायाचा पाऊण बरोबर उघडला आणि तात्यांच्याच आवाजात म्हणायला लागला. बाई दचकली. तात्यांकडं बघायला लागली, की तोंड मिटलेलं आणि आवाज कुठून येतोय. सगळा मंडप हसला, टाळ्या झाल्या.

मी खांबाशी होते, एक्स्टेन्शनची वायर धरून. प्लग ढिला होता, सोडला की स्पीकर बंद पडत होता. तात्या उठले. मला वाटलं, आता. तात्यांनी सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाले, "विशाखा, हिकडं ये."

ती गेली. अनवाणीच. तात्या लोकांना म्हणाले, "ही विशाखा. हिनं ह्याला ऐकाय शिकवलं." पुन्हा टाळ्या. मग ती त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि तात्यांना मी दिसले. माझ्याकडं हात करून म्हणाले, "आन ती आमची अर्चना. ती हिच्या हापिसात असती."

मी तिच्या ऑफिसात असते! ती यायच्या कितीतरी आधीपासून मी तिथं होते, तिच्या पगाराच्या कागदावर सही माझी असायची. मी वायर सोडून द्यावी असं मनात आलं. सोडली नाही. पण आलं.

पुढं वर्षभरात तिला हैदराबादला मोठी नोकरी लागली. सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, आनंदानं. खोटं कशाला बोलू?

जायच्या दिवशी ती बारामतीहून परस्पर गेली असती तर सुखाचं झालं असतं. पण नाही, आधी नरसिंहपूरला तात्यांना भेटायचं होतं, मग इंदापूरहून सोलापूरची एसटी, तिथून रेल्वे. मी तिला गाडीनं इंदापूरला सोडायला निघाले, तर तात्या टोपी घालून मागच्या सीटवर येऊन बसले. मी बारामतीला जाताना ते उंबऱ्याच्या बाहेर येत नाहीत.

स्टँडवर एसटी लागलेली होती. तिची बॅग मी वर चढवली. ती आत गेली, मधल्या खिडकीपाशी बसली, आणि शेजारच्या बाईशी तिचं बोलणंही सुरू झालं. मी आणि तात्या खाली उभे. तात्या मिनिटभर घसा खाकरत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"अर्चे, तू त्या पोथीचं लई चांगलं काम केलंस. शाबास."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तात्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. स्टँडवरचा सगळा गोंगाट मला एकदम गोड लागायला लागला. डोळे भरून आले, ते पुसायला मी मान वळवली.

तर खिडकीत विशाखा. ती माझ्याकडं बघत नव्हती, तात्यांकडं बघत होती. भुवया वर करून तिनं हातानंच विचारलं, सांगितलं का? आणि तात्यांनी, शाळेतल्या पोरानं घरचा अभ्यास केला म्हणून सांगावं तशी, जोरजोरात मान हलवली.

म्हणजे शाबासकीसुद्धा हिनंच मागून दिली. मला काय पाहिजे होतं ते मी जगात कुणाला सांगितलं नव्हतं. हिला ते दिसलं होतं, पहिल्यापासून दिसलं असणार. मला तिचा इतका राग आला की गाडीत चढून तिच्या चष्म्यासकट तिला खाली ओढावं असं वाटलं. तेवढ्यात कंडक्टरनं घंटा मारली. विशाखानं खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्याकडं बघून मनापासून हसली, आणि गाडी वळून हायवेकडं गेली.

मी तात्यांना स्टँडच्या कडेला चहाला नेलं. चहा आला. मी म्हटलं, "तात्या, मघाशी म्हणला ते आता पुन्हा म्हणा. आता ती न्हाय हितं."

तात्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. कप तसाच हातात, नजर रस्त्यावर. म्हणाले, "पवचली की फोन करंल न्हवं ती?"

"करंल," मी म्हटलं. "तुमालाच करंल."